घाटाची तयारी घरातून

आमच्या वस्तीतील अठरा मुला-मुलींनी सायकलवरून महाबळेश्वरला जाऊन यायचे ठरवले आहे. साताऱ्याहून वाई, पसरणी घाट चढून पाचगणी, पुढे महाबळेश्वर, आणि परतताना केळघर घाट उतरून मेढामार्गे पुन्हा सातारा. ही सुमारे १२० किलोमीटरची फेरी एका दिवसात पुरी करायची आहे. विहाराच्या ओट्यावर बसून पोरांनी हा बेत केला तेव्हा तारीख डिसेंबरची होती. आता ती फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यावर गेली आहे.

तारीख पुढे ढकलली म्हणून पोरे आमच्यावर रागावली. "सिस्टर, सायकल चालवायचीय, पोलीस भरती नाय," असे एकाने तोंडावर सांगितले. आम्ही ऐकून घेतले, पण तारीख बदलली ती बदललीच. असे का केले आणि या दोन-अडीच महिन्यांत काय काय झाले, ते आज या पानावर सांगायचे आहे. असा बेत उद्या तुमच्याही वस्तीत निघेल. तो जरूर निघावा. फक्त निघण्याआधी काय पाहायचे, ते घरातल्या थोरामोठ्यांनाही माहीत असावे.

आम्ही म्हणजे वस्तीतल्या आरोग्य गटाच्या बाया. कोणी रुग्णालयात नर्स म्हणून वर्षे काढली आहेत, कोणी आशाताई आहे, कोणी अंगणवाडीत आहे. आमच्यातल्या एकीलाही सायकलवरून घाट चढायचा अनुभव नाही. पण दम लागलेला माणूस, चक्कर आलेला माणूस आणि वेळेवर न पोहोचलेला माणूस आम्ही पुष्कळ पाहिला आहे.

आधी रस्ता समजून घेतला

पहिल्या बैठकीत आम्ही कागदावर रस्ता काढला. ही फेरी म्हणजे कृष्णेच्या खोऱ्यातून वर जायचे आणि वेण्णेच्या खोऱ्यातून खाली यायचे. दोन्ही नद्या महाबळेश्वरच्या डोंगरात उगवतात आणि साताऱ्याजवळ संगम माहुलीला मिळतात. पोरांना हे इतके आवडले की नकाशा पाठ झाला.

सातारा ते वाई साधारण ३५ किलोमीटर. रस्ता बराचसा सपाट, पण त्यात महामार्गाचा भाग आहे, मोठ्या गाड्या वेगात असतात. वाईच्या पुढे पसरणी गाव. शाहीर साबळे यांचे हे गाव. तिथून घाट सुरू होतो. वाई ते पाचगणी अंतर जेमतेम १२-१३ किलोमीटर, पण तेवढ्यात जवळजवळ साडेपाचशे-सहाशे मीटर वर चढावे लागते. म्हणजे दर शंभर मीटर रस्त्याला चार-पाच मीटर उंची. एसटीत बसून जाताना हा चढ कळत नाही, सायकलवर प्रत्येक वळण कळते. पाचगणी ते महाबळेश्वर १९-२० किलोमीटर, चढ-उताराचा रस्ता. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे. एवढ्या उंचीवर निरोगी माणसाला विरळ हवेचा त्रास सहसा होत नाही, ती भीती काढून टाकावी. तिथून केळघर घाटाने मेढा आणि मेढ्याहून सातारा, मिळून ५५ किलोमीटरच्या आसपास.

पोरांना भीती चढाची होती, आम्हाला उताराची. चढावर माणूस दमला तर थांबतो. उतारावर ब्रेक दमला तर सायकल थांबत नाही.

यवतेश्वरच्या वळणावर

नोव्हेंबरच्या सुरुवातीला सरावासाठी सगळे साताऱ्याजवळच्या यवतेश्वर घाटात गेले. पहिला चढ बरा गेला. पुढच्या एका वळणावर आमच्यातली एकोणीस वर्षांची मुलगी सायकलवरून उतरली, कठड्याला टेकली आणि खाली बसली. डोळ्यांपुढे अंधारी, कानात आवाज, ओठ पांढरे. तिला आडवे करून पाय उंच केले, तेव्हा पाच मिनिटांनी ती बोलू लागली.

आम्ही विचारले, "सकाळी काय खाल्लंस?"

"चहा."

"पाणी?"

ती गप्प. मग हळूच म्हणाली, "सिस्टर, वाटेत जायला जागा नसती. म्हणून रात्रीपासनं पाणीच प्याले नाय."

त्या एका वाक्याने आमची सगळी आखणी बदलली. पोरांनी टायर, हवा, पंक्चरचे सामान, रस्ता, सगळे पाहिले होते. मुली लघवीला कुठे जातील हे यादीत नव्हते. पाणी न पिता चार तास घाम गाळणारी मुलगी चक्कर येऊन पडणारच. सायकल नसली तरी हे आपल्याकडे रोज घडते. कारखान्यात, बांधकामावर, बाजारात भाजी विकताना बाया मुद्दाम पाणी पीत नाहीत, आणि मग लघवीची जळजळ, ताप, पोटदुखी घेऊन दवाखान्यात येतात.

पण तिची चक्कर नुसती पाण्याची नव्हती. दुसऱ्या दिवशी आम्ही अठराही जणांची तपासणी करायचे ठरवले.

बोटातले थेंबभर रक्त

प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब, नाडी, वजन आणि हिमोग्लोबिन पाहिले. दम्याचा त्रास आहे का, लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, घरात कोणी तरुण वयात अचानक गेले आहे का, छातीत धडधड होते का, असे प्रश्न एकेकाला बाजूला घेऊन विचारले. सर्वांसमोर कोणी खरे सांगत नाही.

मोठ्या माणसात हिमोग्लोबिन बाईचे १२ ग्रॅमच्या वर आणि पुरुषाचे १३ ग्रॅमच्या वर असावे. आमच्या सात मुलींपैकी पाच जणींचे १२ च्या खाली निघाले. चक्कर आलेल्या मुलीचे ८.४ होते. अकरा मुलांपैकी दोघांचे कमी होते. हे फक्त आमच्याच वस्तीत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांत रक्त कमी असल्याचे दिसले.

पोरांना आकडा सांगून उपयोग नव्हता, म्हणून आम्ही बादलीचे उदाहरण दिले. हिमोग्लोबिन म्हणजे फुप्फुसातला प्राणवायू भरून मांडीच्या स्नायूपर्यंत नेणाऱ्या बादल्या. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलीटर प्राणवायू वाहते. १२ च्या जागी ८ ग्रॅम असेल तर दर खेपेला एक तृतीयांश माल कमी पोहोचतो. मग हृदयाला खेपा वाढवाव्या लागतात. सपाट रस्त्यावर हे निभावते. घाटात हृदय आधीच पूर्ण वेगाने धावत असते, तिथे वाढवायला काही उरत नाही. माणूस आळशी नसतो, त्याच्या बादल्या कमी असतात.

ज्यांना वाटत होते की मुली "नाजूक" म्हणून मागे पडतात, ते त्या दिवशी गप्प झाले.

तिथेच तारीख बदलली. लोहाची गोळी सुरू केल्यावर हिमोग्लोबिन चढायला काही आठवडे लागतात आणि शरीरातला साठा भरायला तीन महिने लागतात. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, म्हणून फेब्रुवारी. गोळी आरोग्य केंद्रात आणि आशाताईकडे फुकट मिळते. डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत घ्यावी, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. गोळी आणि चहा यांच्यात एक-दोन तासांचे अंतर ठेवावे, कारण चहा लोह अडवतो. शी काळी होते, त्याला घाबरून गोळी सोडू नये. मळमळ झाली तर जेवणानंतर घ्यावी. पोटात जंत असतील तर लोह त्यांच्या पोटात जाते, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने जंतांची गोळीही घ्यावी.

ताटात शेवटचा वाटा कुणाचा

चक्कर आलेल्या मुलीची आई दुसऱ्याच दिवशी आमच्याशी भांडायला आली. "पोरीला कशाला दमवताय? उद्या हातपाय मोडला तर कोण बघणार? तुमी का?" तिचा राग खोटा नव्हता. आम्ही तिला बसवले. बोलता बोलता तिला जिना चढताना लागलेला दम दिसला, नखे पाहिली, पापणी खाली ओढून पाहिली. पांढरीफटक. तिचेही बोट टोचले. हिमोग्लोबिन ७ च्या घरात.

ती अठरांच्या यादीत नव्हती. तिला कोणी सायकल चालवायला सांगितलेही नव्हते. पण पहाटे चारला उठून पाणी भरणे, दोन घरची धुणीभांडी, दुपारी शिलाई, असा घाट ती रोज चढत होती. पाळीत अंगावरून खूप जाते हे तिने कोणालाच सांगितले नव्हते. "बाईच्या जातीला चालायचंच" म्हणत तिने चार वर्षे काढली. आम्ही तिला जिल्हा रुग्णालयात पाठवले. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ निघाली, ती साधी होती. उपचार सुरू आहेत.

मग त्या घरात जेवायची रीत विचारली. आधी बाप आणि मुलगा, मग मुलगी, शेवटी आई. कालवणातला तुकडा मुलाला, अंडे मुलाला, कारण "त्यो कामाला जातोय." मुलगीही कामाला जाते, आईही जाते. आपल्या बहुतेक घरांत हीच रीत आहे, आणि आम्ही आमच्या स्वतःच्या घरात पाहिले तेव्हा तिथेही तीच निघाली. सायकलीच्या फेरीची सगळ्यात अवघड तयारी ही होती. पसरणीचा चढ त्यापुढे सोपा म्हणावा लागेल.

अठराही घरांत जाऊन आम्ही दोन गोष्टी मागितल्या. एक, सगळ्यांनी एकत्र बसून जेवायचे आणि वाढताना ताटे आधी सारखी करायची. दोन, मुलींना कामावर जाण्याआधी चहाऐवजी काहीतरी चावून खायला द्यायचे. महाग काही सांगितले नाही. मोड आलेली मटकी, बाजरीची भाकरी, हिरवी पालेभाजी आणि त्यावर लिंबू, हळिवाची खीर किंवा लाडू, गूळ-शेंगदाणे, आठवड्यातून दोन-तीनदा अंडी, जमेल तेव्हा सुकट, मटण, कलेजी. मटण, कलेजी आणि मासळीतले लोह अंगाला लवकर लागते. भाजीतले लोह लागायला लिंबू, आवळा, पेरू अशा आंबट फळांची मदत लागते.

सिकलसेलचे विचारून घ्या

आमच्यातला एक मुलगा भंडाऱ्याकडचा. वडील औद्योगिक वसाहतीत कामाला म्हणून कुटुंब इकडे आले. बोलण्यातून कळले की त्याची बहीण सिकलसेलची रुग्ण आहे. त्याची तपासणी कधीच झाली नव्हती. ती केली, तो वाहक निघाला.

विदर्भात आदिवासी समाजात आणि आपल्या समाजात सिकलसेल जास्त आढळतो, हे आपण उघडपणे बोलले पाहिजे. वाहक माणूस एरवी निरोगी असतो, काम करतो, खेळतो. पण तयारी नसताना एकदम जोर लावला, उन्हात पाणी कमी पडले, तर वाहकालाही अचानक त्रास होऊ शकतो. म्हणून त्याला फेरीतून काढले नाही, त्याच्यासाठी नियम केले. सराव हळूहळू वाढवायचा, शर्यत लावायची नाही, ताप-जुलाब असतील त्या दिवशी सायकल नाही, आणि मांडीत-पाठीत विचित्र दुखू लागले की पायडल थांबवून सांगायचे. ज्यांना प्रत्यक्ष सिकलसेलचा आजार आहे, त्यांनी मात्र अशी फेरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. थंडी, थकवा आणि पाण्याची कमतरता यांनी त्यांच्या वेदना उसळतात. तपासणी सरकारी दवाखान्यात होते. २०२३ पासून केंद्र सरकारचे सिकलसेल निर्मूलन अभियानही सुरू आहे. लग्न ठरवतानाही ही तपासणी उपयोगाची आहे.

सराव कसा केला

आठवड्यातून तीन दिवस सायकल, मध्ये एक-एक दिवस विश्रांती. पहिल्या आठवड्यात सपाट रस्त्यावर २० किलोमीटर, मग दर आठवड्याला थोडे थोडे वाढवत जायचे. चौथ्या आठवड्यापासून एक दिवस यवतेश्वरचा चढ. जानेवारीत एकदा ८० किलोमीटर सलग. जे दिवसभर हमाली किंवा बांधकाम करतात, त्यांचा अर्धा व्यायाम कामातच होतो. त्यांना जास्त सरावापेक्षा जास्त झोप हवी. हे कळायला आम्हाला महिना लागला. एक मुलगा रात्रपाळी करून सरळ सरावाला यायचा आणि चिडचिड करायचा. त्याचा एक दिवस कमी केला, तो सुधारला.

वेग किती ठेवायचा, याला घड्याळ लागत नाही. शेजारच्याशी एक पूर्ण वाक्य बोलता आले तर वेग बरोबर. दोन शब्दांनंतर धाप लागली तर वेग जास्त.

सीट बहुतेकांची खाली होती. पायडल सगळ्यात खाली असताना टाच ठेवली तर पाय जवळजवळ सरळ व्हावा, इतकी सीट उंच हवी. खाली सीटमुळे गुडघ्याच्या पुढे दुखते. सीट वर केल्यावर तिघांचे गुडघे गोळीशिवाय बरे झाले. ओढणी घट्ट बांधायची किंवा घरी ठेवायची, ती चेनमध्ये जाते. पाळी आली तरी सायकल चालवायला हरकत नाही. पॅड बदलायची सोय हवी, एवढेच.

गिअरची सायकल अठरांपैकी सहा जणांकडे आहे. बाकीच्यांच्या साध्या. साधी काळी सायकल वीस किलोच्या आसपास भरते. घाटात तिच्यावर बसून राहण्याचा हट्ट नको. उतरून ढकलत चालणे हा आमच्या आखणीचाच भाग आहे. आधी मुलांना त्यात कमीपणा वाटायचा. मग गिअरवाल्या दोघांनी एका सरावात आपणहून उतरून साध्या सायकलवाल्यांबरोबर चालायला सुरुवात केली, आणि तो विषय संपला.

फेरीचा दिवस

शनिवार-रविवारी पसरणी घाटात पर्यटकांच्या गाड्यांची रांग असते, म्हणून मधला वार घेतला. पण मधल्या वारी रोजंदारी बुडते. चौघांचा त्या दिवसाचा रोज वर्गणीतून भरून द्यायचा असे ठरले. हे आधी न ठरवता फेरी काढली असती, तर ते चौघे "काम आहे" सांगून मागे राहिले असते आणि आपण त्यांना उत्साह नाही म्हटले असते.

पहाटे साडेपाचला सातारा सोडायचे. पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा प्रत्येक सायकलला, डोक्यावर हेल्मेट. आठपर्यंत वाई. तिथे न्याहारी. साडेआठला घाट, अकरापर्यंत पाचगणी. दीडपर्यंत महाबळेश्वर, जेवण, सव्वादोनला उतार. चारपर्यंत मेढा, अंधार पडायच्या आत सातारा. दुपारी दोनपर्यंत जो महाबळेश्वरला पोहोचणार नाही, तो पुढे टेम्पोत बसेल. केळघर घाट अंधारात उतरायचा नाही. यावर वाद नाही, मतदान नाही.

पुढच्या सायकलवर सगळ्यात वेगवान मुलगा नसेल. ज्यांचा वेग कमी आहे त्यांच्यापैकी एकजण पुढे, म्हणजे सगळा ताफा त्याच्या वेगाने चालतो. सगळ्यात मागे एक जाणता, त्याच्याकडे औषधाची पिशवी, जादा ट्यूब आणि फोन. त्याच्या मागे कोणीही राहायचे नाही. मधले सगळे जोडीने. जोडीदार दिसला नाही तर थांबायचे.

मुलींच्या सोयीसाठी वाई, पाचगणी, महाबळेश्वर आणि मेढा, चारही एसटी स्थानकांवर ठरलेला थांबा आहे. मधल्या टप्प्यांसाठी टेम्पोत बादली, पाण्याचा कॅन आणि आडोशाला दोन जुन्या साड्या. हे सामान मुलांनी स्वतः यादीत लिहिले, याचा आम्हाला आनंद आहे.

पाणी तहानेप्रमाणे, घोट घोट, तासाला अर्ध्या लिटरच्या आसपास. भीतीपोटी भराभर नुसते पाणी पिणेही बरे नाही, त्याने रक्तातले मीठ पातळ होते. प्रत्येकाच्या एका बाटलीत जलसंजीवनी. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून. मीठ जास्त पडू देऊ नये. खाणे दर पाऊण तासाला थोडे. केळे, खजूर, शेंगदाणा-गुळाचा लाडू, मीठ लावलेला उकडलेला बटाटा, गूळ लावून गुंडाळलेली चपाती. भूक लागायची वाट पाहू नये. पोट रिकामे झाल्यावर खाल्ले तर ताकद यायला वेळ लागतो. डब्यातली महागडी पावडर कोणी विकत घेऊ नये.

तंबाखू, गुटखा, मिश्री त्या दिवशी बंद. खरे तर कायमची बंद व्हावी, पण निदान त्या दिवशी हृदयावर दुहेरी ओझे नको.

उतार

निघायच्या आदल्या दिवशी प्रत्येक सायकलचे ब्रेकचे रबर आणि वायर सायकलवाल्याकडून पाहून घ्यायची. ज्यांचे ब्रेक जुने, सळईचे आहेत, त्या सायकली केळघर घाटात टेम्पोतून खाली येतील. उतारावर एका रांगेत, दोन सायकलींत वीस-तीस मीटर अंतर, कोणी कोणाला मागे टाकायचे नाही. दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबत-सोडत यायचे. एकसारखा ब्रेक दाबून ठेवला तर रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. हँडलला पिशवी नको. वळणावरच्या बारीक खडीवर चाक घसरते. घाम आलेल्या अंगाला उतारावर थंडी वाजते, बोटे बधिर होतात आणि ब्रेक दाबले जात नाहीत. म्हणून जेवणानंतर कोरडा शर्ट घालून मगच उतार.

हे दिसले की थांबा

छातीत दुखणे, थांबूनही दहा मिनिटांत न बसणारी धाप, चक्कर, असंबद्ध बोलणे, अंग तापलेले आणि भान हरपत चाललेले, काळपट चहासारखी लघवी. यातले काहीही दिसले तर फेरी तिथेच संपली, १०८ ला फोन. घाटात काही ठिकाणी फोनला रेंज नसते. अशा वेळी टेम्पो थेट जवळच्या सरकारी रुग्णालयात नेईल. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, त्याला कुशीवर वळवावे. डोक्याला किंवा मानेला मार असेल तर विनाकारण हलवू नये. रक्त येत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. पाय दुखतात म्हणून कोणाच्याही सांगण्यावरून वेदनाशामक गोळी घेऊ नये. अंगात पाणी कमी असताना तिने मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

वाटेत दुसऱ्या कुणाचा अपघात दिसला तरी थांबा. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. त्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही.

परवाची तपासणी

परवा सगळ्यांची पुन्हा तपासणी झाली. आमच्या गटाने नियम केला होता की हिमोग्लोबिन ११ च्या वर असेल तोच पूर्ण फेरी करेल. हा आमचा नियम आहे, तुमच्याकडे तुमच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. पाच मुलींपैकी चौघी ११ च्या पुढे गेल्या. दोन्ही मुलांचे वाढले. यवतेश्वरला चक्कर आलेली मुलगी ८.४ वरून १०.७ वर आली.

अडीच महिन्यांत एवढे वाढणे मोठी गोष्ट आहे. तिने एकही गोळी चुकवली नव्हती. पण १०.७ म्हणजे ११ नव्हे. डॉक्टरांनी सपाट रस्त्याला परवानगी दिली, घाटाला नाही. ती सातारा ते वाई सायकलवर येईल, घाट टेम्पोत, आणि मेढ्याहून साताऱ्यापर्यंत पुन्हा सायकलवर.

ती आमच्याशी दोन दिवस बोलली नाही. आमच्यातल्याही दोघींना वाटले, एवढ्याशा आकड्यासाठी कशाला अडवायचे. आम्ही रात्री उशिरापर्यंत बसलो. शेवटी नियम ठेवला. नियम मोडायचा तर आवडत्या मुलीसाठी मोडला जातो, आणि मग पुढच्या वर्षी तो कोणासाठीच उरत नाही.

तिसऱ्या दिवशी ती आली, आपली गोळ्यांची चिठ्ठी पुढे केली आणि म्हणाली, "संपल्यात. पुढच्या द्या. घाट पुढच्या साली." तिची आई बरोबर होती. दोघींची गोळी एकाच डब्यात असते आता, आणि दोघी एकमेकींना आठवण करून देतात.

फेरीचे काय होईल ते फेब्रुवारीत कळेल. अठराच्या अठरा जण सायकलवरून परत येतील असे आम्ही म्हणत नाही. अठराच्या अठरा जण घरी नीट येतील, एवढी तयारी केली आहे. तुमच्या वस्तीत अशी फेरी निघाली तर आधी एक दिवस काढून सर्वांचे, आणि त्यांच्या आयांचेही, रक्त तपासून घ्या. त्यानंतर तारीख ठरवा.